एकच माग, मराठी नक्षी

अक्कलकोटच्या एका वाचकांनी विचारले आहे की, ज्या खात्याच्या कचेऱ्या जिल्हाभर विखुरलेल्या आहेत, तिथे लिबरऑफिससारखी मुक्त आणि मराठी बोलणारी कार्यालयीन प्रणाली बसवायची झाली तर प्रत्येक संगणकापाशी माणूस पाठवावा लागतो काय, आणि तसे नसेल तर ती आजवर सर्वत्र का दिसत नाही. हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातून यावा याचा मला विशेष आनंद वाटतो, कारण त्याचे अर्धे उत्तर सोलापुरी चादरीत विणलेले आहे.

ज्यांनी जुन्या जेकार्ड मागावर चादर उतरताना पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की, नक्षी मागात नसतेच. ती मागाच्या माथ्यावर एकामागून एक फिरणाऱ्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा उचलला जातो आणि उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथे तो जागीच राहतो. फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोसेफ मारी जाकारने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या युक्तीमुळे मोर विणणारा माग पुठ्ठ्यांची माळ बदलताच कमळ विणू लागतो, आणि त्यासाठी मागाचा सांगाडा मोडावा लागत नाही. लिबरऑफिसचे मराठीकरण याच जातीचे आहे. पडद्यावरचा प्रत्येक शब्द आणि प्रत्येक सूचना, मूळ इंग्रजी आणि तिच्यासमोर मराठी अशा जोडीने, गाभ्यापासून निराळ्या ठेवलेल्या यादीत लिहिलेली असते. यादी बदलली की तीच प्रणाली मराठी, कन्नड किंवा तेलुगू होते, आणि सोलापूरकरांना तर या तिन्ही भाषा बाजारातून घरी येईपर्यंत कानी पडतात.

विंडोजसाठी जी एक फाइल मिळते तिच्या पोटात या साऱ्या याद्या असतात. मराठी उतरवावी, बाकीच्या वगळाव्यात, कोणालाही काही विचारू नये, असा एका ओळीचा हुकूम मुख्यालयातील सर्व्हरवरून सोडला, की करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत जाळ्यात जोडलेल्या यंत्रांवर कोणी कळ न दाबता प्रणाली रुजू होते. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचे जाहीर केले. एवढ्या संख्येचा विचार करता येतो तो या सोयीमुळेच. आपल्याकडे केंद्र सरकारने २००५ पासून, तमिळ आणि हिंदीने आरंभ करून, भारतीय भाषांतील मोफत प्रणालींच्या तबकड्या वाटल्या. तो उपक्रम मी मोठा मानतो. परंतु वाटलेल्या तबकडीमागून तिची सुधारलेली आवृत्ती आपोआप येत नाही.

खरा अडथळा जुन्या दप्तरात आहे. प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती साठवलीही आधीच जात असे. परिणामी हजेरीपट अकारविल्हे लावायला सांगितला की किसन, दिगंबर आणि विठ्ठल हे तिघे एका गटात येत आणि कमल त्यांच्यापासून दूर पडे. असा हजेरीपट तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला तर निरर्थक चिन्हे दिसतात, आणि दोष मात्र नव्या प्रणालीच्या माथी येतो. प्रणाली फुकट आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या जुन्या फाइली पालटण्याच्या श्रमांचा हिशेब कोणी मांडत नाही.

फाइली पालटल्या तरी शुद्धलेखन तपासण्याचे काम उरतेच, आणि तिथे मला एका माणसाचे ऋण सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीचे शुद्धलेखन शब्दांच्या साध्या यादीवर बऱ्याच अंशी तपासता येते. परंतु घराला, घरातला, घरासमोरच्या, घरासमोरच्यांना अशी रूपे धारण करणाऱ्या भाषेची यादी कधी पुरी व्हायची? हंगेरियन भाषेपुढे हाच पेच होता, आणि नेमेथ लास्लो यांनी मूळ शब्द एकीकडे व प्रत्ययांचे नियम दुसरीकडे ठेवून, शब्दावरचे प्रत्यय दोन थरांपर्यंत सोलून पाहणारा हनस्पेल हा तपासनीस रचला. तोच आज लिबरऑफिसमध्ये आणि फायरफॉक्समध्ये बसून मराठीचीही सेवा करतो, आणि ज्यांचे अर्ज, अहवाल तो तपासतो त्यांच्यापैकी फार थोड्यांना त्याच्या कर्त्याचे नाव ठाऊक असते. मराठी कोश मात्र आपल्यालाच भरायचा आहे. तो हंगेरीतून कोणी भरून देणार नाही.

तेव्हा अक्कलकोटच्या वाचकांना माझी विनंती अशी की, कचेरीत प्रणाली उतरवण्याआधी चालू वर्षाच्या फाइली युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात, आणि ज्या शुद्ध मराठी शब्दाखाली लाल रेघ दिसेल तो टिपून मराठी कोश सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाठवावा.