भुयारातली पोतडी आणि आनंदनगरचं स्टोअर

'डायब्लो' या संगणकखेळातला योद्धा जुन्या चर्चच्या तळघरातून भुयारात उतरतो, तेव्हा त्याच्या पोतडीत ४० घरं असतात. आडवी १०, उभी ४. औषधाची कुपी एक घर अडवते, जड चिलखत सहा घरं अडवतं आणि सोन्याच्या नाण्यांचीही सुटका नाही: एका घरात जास्तीत जास्त ५,०००. राक्षस मेला, त्याच्यामागे झकास ढाल पडली, पण पोतडी तर भरलेली. आता टाकायचं काय? कुपी, जुनी तलवार की नाणी? भुयारात उभा असलेला खेळाडू त्या क्षणी लढाई विसरून स्टोअरकीपरचं काम करत असतो.

हे काम पोटासाठी करणारी माणसं अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या आहेत. १९२०च्या दशकात इथे विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला. १९५३ मध्ये संरक्षण खात्याची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि पुढे मोरिवली, चिखलोली, आनंदनगर असे औद्योगिक भाग वसत गेले. रसायनं, औषधं, इंजिनिअरिंग. यातल्या प्रत्येक शेडमध्ये मशीन वेगळं, माल वेगळा. स्टोअर मात्र सगळीकडे असतंच.

खेळांतल्या पोतडीचे ढोबळमानाने तीन प्रकार. एकात जागा मोजतात, जसं डायब्लोत. दुसऱ्यात वजन. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या साऱ्या भुयारी खेळांचा मूळपुरुष. त्याच्या २०१४च्या नियमांनुसार पात्राच्या ताकदीच्या आकड्याला १५ने गुणायचं, तेवढे पौंड ते पात्र वाहू शकतं. ताकद १० असेल तर १५० पौंड, म्हणजे साधारण ६८ किलो. तिसऱ्या प्रकारात फक्त नग मोजतात. 'माइनक्राफ्ट'मध्ये ३६ खण असतात, दगडाचे ६४ ठोकळे एका खणात मावतात आणि तलवार मात्र एका खणात एकच. प्रत्येक ठोकळा एक घनमीटरचा धरला, तर सगळे खण भरलेला खेळाडू २,३०४ घनमीटर दगड खिशात घालून पळत असतो! इथे खेळ भौतिकशास्त्राला सरळ रजा देतो. तरीही मर्यादा काढून टाकत नाही, कारण मर्यादाच नसेल तर निवड करायची वेळच येणार नाही आणि खेळात राम उरणार नाही.

पण अचाट वजन किंवा तळ नसलेली थैली यांपेक्षा मोठा चमत्कार या खेळांत घडत असतो, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पोतडी उघडली की दिसणारा आकडा खरा असतो. १७ कुप्या दिसल्या तर १७च असतात. १६ नाही, आणि सतरावी कुठल्या तरी रॅकमागे लवंडलेलीही नाही. एमआयडीसीतल्या कुठल्याही स्टोअरकीपरला विचारा, तो एवढंच एक वरदान मागून घेईल.

कारखान्यात हा आकडा खरा ठेवण्यासाठी केवढी यातायात चालते ती पाहण्यासारखी आहे. ट्रक गेटवर येतो, चलान आणि पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, ताडून पाहतात, वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोन वजनं होतात, मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, तयार होते. ड्रम रॅकवर गेला की तिथे सुतळीने लटकवलेल्या बिन कार्डावर ओळ चढते. तारीख, जीआरएन किंवा इश्यू स्लिपचा नंबर, आवक, जावक, शिल्लक, सही. प्रॉडक्शनला माल हवा असेल तर आधी इंडेंट, मग इश्यू स्लिप, मग ड्रम हलणार. हल्ली आकडे टॅलीत किंवा ईआरपीत जातात, काही ठिकाणी ड्रमवर बारकोड असतो. पण अनेक जुने स्टोअरवाले बिन कार्ड सोडत नाहीत आणि ते बरोबरच करतात. कार्ड मालासमोर लटकलेलं असतं, संगणक ऑफिसात.

एवढं करूनही आकडा सरकतो. रात्रपाळीत स्टोअर बंद असतं, किल्ली शिफ्ट इनचार्जकडे असते, रिअ‍ॅक्टर थांबवता येत नाही. ड्रम निघतो, 'स्लिप सकाळी देतो' म्हणतात आणि सकाळी शिफ्ट बदलते. तीन दिवसांनी प्रॉडक्शनचा फोन: "अहो, सिस्टीमला दोन ड्रम दिसतायत, रॅकवर एकच कसा?"

यात निदान माणसाचा हात असतो. काही माल तर स्वतःहूनच हिशोब चुकवतो. कॉस्टिक सोड्याच्या फ्लेक्सचं ५० किलोचं पोतं घ्या. आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, ते कुठे तरी फाटलेलं. जुलैत बदलापूरच्या बाजूने पाऊस कोसळत असतो, हवा ओलीचिंब असते. कॉस्टिक ती ओल अधाशासारखी शोषतं. चार दिवसांनी पोतं चाचपलं तर फ्लेक्स खुळखुळत नाहीत, कोपऱ्यात दगडासारखा गठ्ठा झालेला असतो आणि काट्यावर वजन भरतं ५० किलोंहून जास्त. कागदावर माल वाढला, उपयोगाचा कॉस्टिक मात्र कणभरही वाढलेला नाही. मिळालं ते पाणी. तिकडे अ‍ॅसिटोनचं उलट. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना थोडं उडून जातं, पंप तळाशी थोडं सोडतोच. स्टोअरमधून कुणी काही नेलेलं नसतं आणि वही तरी खोटी ठरते.

जुन्या भुयारी खेळांना मात्र या चंचलपणाची जाण होती. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी 'रोग' हा खेळ लिहिला. नुसत्या अक्षरांनी रेखाटलेलं भुयार. त्याच घराण्यातला 'नेटहॅक' १९८७ मध्ये आला. त्यात पाण्यात पडलं तर गुंडाळीवरची अक्षरं पुसली जातात, मांस सडतं, आणि नव्या कुपीत काय आहे ते कळत नाही, दिसतो फक्त रंग. पिऊन बघायचं, नाहीतर पारख होईपर्यंत हात लावायचा नाही. औषध कारखान्यात दुसराच मार्ग बंधनकारक आहे. शेड्यूल एमच्या नियमांनुसार आलेला कच्चा माल आधी क्वारंटाइनमध्ये जातो. त्याला बहुतेक ठिकाणी पिवळं लेबल लागतं, क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी, नमुना घेते, पास झाला तर हिरवं, नापास झाला तर लाल, आणि लाल मालाची जागा कुलूपबंद. पिवळ्या लेबलचा ड्रम स्टोअरमध्ये असतो, पण वापरायला नसतो. साठ्याचा आकडा सांगताना हा फरक जो सांगत नाही, त्याने अर्धीच माहिती दिली असं समजावं.

'नेटहॅक'मध्ये आणखी एक नियम आहे. तिथल्या जादुई थैलीत वस्तूंचं वजन कमी होतं, पण विशिष्ट छडी तिच्यात ठेवली की थैलीचा स्फोट होऊन आतला सगळा माल जातो. माइनक्राफ्टमध्ये तप्त लाव्ह्याची बादली आणि स्फोटकं शेजारच्या खणांत सुखाने नांदतात. नेटहॅक तेवढा दयाळू नाही. रसायनांचं स्टोअरही नाही. आम्ल आणि सोडियम सायनाइड जवळ नकोत, विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. हायपोक्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन. नायट्रिक अ‍ॅसिडचा कॅरबॉय सॉल्व्हंटच्या ड्रमपासून लांब, आणि गळती झालीच तर एकाचा ओघ दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून मध्ये कठडा. शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत माणसं गेली, भोवतालच्या वस्तीच्या काचा फुटल्या. तेव्हापासून आत काय आणि किती ठेवलंय हा प्रश्न भिंतीबाहेरचे लोकही विचारतात. तो त्यांचा हक्कच आहे.

आपल्याकडे ही शिस्त एमआयडीसीच्या खूप आधीची. शिवकाळात गडावर हवालदार आणि सबनिसाच्या जोडीला कारखानीस असे. धान्य आणि सामानाचा हिशोब त्याच्याकडे. रामचंद्रपंत अमात्यांच्या अठराव्या शतकारंभीच्या आज्ञापत्रात दारूखान्याबद्दल, म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूच्या कोठाराबद्दल, बारीक सूचना आहेत. तो घराजवळ नसावा. तळघर करून, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. सुरक्षित अंतर, जमिनीपासून उंची, ओलाव्यापासून बचाव, ठरावीक तपासणी, सील: आजच्या सेफ्टी ऑडिटरची यादी यापेक्षा फार वेगळी नसते. खऱ्याखुऱ्या भुयाराचा इतका काटेकोर साठानियम मराठीत आहे, हे शाळेत शिकवायला हवं.

मर्यादेचा मुद्दाही कारखान्यात आहेच, फक्त ती खेळाच्या रचनाकाराऐवजी कायदा घालतो. घातक रसायनांच्या साठ्याचे १९८९चे नियम भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आले. त्यांत क्लोरीनसाठी पहिला उंबरठा १० टनांचा आहे. क्लोरीनचा टोनर, म्हणजे मोठं सिलिंडर, ९०० किलोंचा. ११ टोनर म्हणजे ९,९०० किलो. बारावा आत आला की १०,८०० आणि त्या जागेवर जादा जबाबदाऱ्या लागू. पाणी शुद्ध करणाऱ्या किंवा क्लोरीन वापरणाऱ्या आस्थापनेत अकरा आणि बारा यांमधला फरक म्हणूनच फार मोठा असतो.

मग एका वेळी मागवायचं किती? याचं गणित फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलं. फार मागवलं तर पैसा आणि जागा अडकते, थोडं मागवलं तर दर खेपेचा खर्च अंगावर येतो. समजा वर्षाला १,२०० ड्रम लागतात, दर ऑर्डरमागे ६०० रुपये जातात आणि एक ड्रम वर्षभर सांभाळायला ४०० रुपये. १,२०० गुणिले ६००, त्याची दुप्पट, भागिले ४००, आणि आलेल्या ३,६००चं वर्गमूळ: ६०. म्हणजे दर खेपेला ६० ड्रम, वर्षात २० खेपा. सूत्र सुबक आहे, पण त्याला पुरवठादाराचा संप, कल्याण-बदलापूर रस्त्यावरची कोंडी किंवा भरलेली शेड कळत नाही. म्हणून स्टोअरवाले वर थोडा राखीव साठा धरतातच. तो धरू नका असं सांगणारे सल्लागार एकदा रिअ‍ॅक्टर मालाअभावी थांबलेला पाहिले की बोलायचे थांबतात.

सगळा माल सारख्याच बारकाईने मोजणंही परवडत नाही. १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकी यांनी मालाचे अ, ब, क असे वर्ग पाडायची पद्धत लिहिली. महागडा उत्प्रेरक अ वर्गात, नटबोल्ट आणि हातमोजे क वर्गात. अ वर्गातला माल दर महिन्याला मोजतात, क वर्गातला वर्षातून एकदा.

तो दिवस बहुधा ३१ मार्चच्या आसपासचा. स्टोअरमधली आवक-जावक थांबवली जाते. मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि चांगल्या कारखान्यात मोजणाऱ्याला वहीतला आकडा दाखवत नाहीत, नाहीतर डोळे तोच आकडा शोधतात. मोजून झालेल्या रॅकवर चिठ्ठी डकवतात, म्हणजे दुसरी जोडी पुन्हा मोजत नाही. कोपऱ्यात चार वर्षं पडलेला डेड स्टॉक निघतो: लेबल पुसलेला एक ड्रम, बंद पडलेल्या मशीनचे गॅस्केट. मग वहीतला आकडा, रॅकवरचा आकडा आणि फरक असे तीन रकाने शेजारी मांडले जातात. चौथा रकाना कारणाचा. तिथे 'ओलावा', 'ओतताना घट', 'रात्रपाळीची स्लिप मिळाली नाही' असं एकेक लिहून स्टोअर आणि अकाउंट्स दोघांच्या सह्या होतात, आणि १ एप्रिलच्या पहिल्या ट्रकच्या आधी बिन कार्डावर नवी ओपनिंग शिल्लक चढते.