लहान दुकानातील तरुण नोकर आणि त्याचे मन

दहावी-बारावीनंतर आपली अनेक मुले-मुली कापडाचे दुकान, मेडिकल स्टोअर, गॅरेज, छापखाना, मोबाइल दुरुस्ती अशा ठिकाणी कामाला लागतात. तेथे मालक धरून चार-पाच माणसे असतात. या नोकरीच्या पगाराविषयी घरात बोलले जाते; मनावरील ताणाविषयी सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून या प्रश्नाचा आपण येथे थोडक्यात विचार करू.

मोठ्या कारखान्यात काम सांगणारा वेगळा, पगार करणारा वेगळा आणि तक्रार ऐकणारा वेगळा असतो. लहान दुकानात ही सर्व कामे मालकच करतो. म्हणजे ज्याच्याविषयी तक्रार, त्याच्याकडेच ती करावयाची! त्यातून नोकरी बहुधा ओळखीने लागलेली असते. ती सोडावी तर शब्द टाकणाऱ्या मामांना कमीपणा येतो. घरच्या आजारपणात घेतलेली उचलही फिटलेली नसते. मग मुलगा गप्प बसतो.

"तो आमच्या घरच्यासारखाच आहे," असे मालक म्हणतात. पुष्कळदा ते खरेही असते. अडीअडचणीला असे मालकच धावून येतात. परंतु त्याच नात्याने रात्री उशिरापर्यंत थांबवून घेणे, सुटीच्या दिवशी फोन करणे, गिऱ्हाइकांदेखत रागावणे हेही चालून जाते. घरचा म्हणून नियम नाहीत आणि नोकर म्हणून 'नाही' म्हणता येत नाही, अशी त्याची कोंडी होते.

कायद्याचा आधारही येथे तोकडा पडतो. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा झाला, तेव्हाच 10 पेक्षा कमी कामगार असलेली दुकाने त्यातील बहुतेक तरतुदींतून वगळली गेली. मुलींनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लहान दुकानालाही लागू आहे. 10 पेक्षा कमी कामगार असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली कामकरी वयाच्या प्रौढांपैकी सुमारे 15 टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. तेव्हा हे दुखणे 'आळस' किंवा 'नाटक' म्हणून उडवून लावू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच मन रमत नाही, असे झाल्यास डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. तिच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

आपल्यापैकी ज्यांचे स्वतःचे दुकान आहे, त्यांना आमची विनंती आहे : पगाराची तारीख व दुकान बंद करण्याची वेळ ठरवून द्या, आठवड्याची सुटी खरोखर सुटी असू द्या, चूक दाखवायची ती बाजूला घेऊन दाखवा. यास पैसा लागत नाही. पालकांनीही मुलगा घरी आल्यावर "पगार झाला का?" एवढेच न विचारता "दिवस कसा गेला?" हेही विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.