उसाचे इंधन परवडते का?

ऊस हे आपल्या बेटाचे जुने पीक. त्याच्या मळीपासून इथेनॉल होते आणि त्यावर मोटार धावते. ब्राझीलने १९७५ साली हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले.

पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्यांचे तेथील मालक साधा हिशेब करतात: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावे. समजा, गाडी पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर जाते. इथेनॉलवर साडेदहाच जाईल. पेट्रोल ६० रुपये असेल, तर इथेनॉल ४२ रुपयांच्या आत हवे.

दहा टक्के मिश्रणात फरक सुमारे तीन टक्क्यांचाच पडतो.

उसाला नवे गिऱ्हाईक मिळावे, हे आपणा सर्वांना हवेच. मात्र घरखर्च सांभाळणाऱ्याने पंपावरचा भाव नव्हे, किलोमीटरचा खर्च पाहावा.