हाडाचा कॅन्सर आणि त्वचेवरची गाठ

हाडाचा कॅन्सर त्वचेत पसरत नाही, असं अनेकजण धरून चालतात. आणि पसरू शकतो हे कळताच रुग्णाच्या अंगावरची प्रत्येक पुटकुळी घरच्यांना घाबरवू लागते. ही दोन्ही टोकं चुकीची आहेत. ऑस्टिओसार्कोमा हा हाडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरांपैकी सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तो बहुधा वाढीच्या वयात, गुडघ्याजवळ होतो. त्याच्या पेशी मुख्यतः रक्तातून पसरतात. हातापायांतलं रक्त हृदयाकडे परतून आधी फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून जातं, म्हणून या पेशी बहुतेक वेळा तिथेच रुजतात; त्याखालोखाल इतर हाडांत. पण रक्त तर त्वचेलाही मिळतं, मग तिथे का नाही? इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये मांडलं की बी सगळीकडे पडलं तरी मानवणाऱ्या जमिनीतच उगवतं. त्वचा ही या पेशींना सहसा मानवत नाही. तरीही क्वचित त्या तिथे रुजल्याच्या नोंदी आहेत, आणि अशा वेळी आजार बहुधा फुप्फुसांतही पोचलेला असतो.

मग त्वचेवर आलेली अशी गाठ म्हणजे नवा त्वचेचा कॅन्सर का? नाही. कॅन्सर ओळखला जातो तो त्याच्या उगमावरून. त्या गाठीतल्या कॅन्सरपेशी कच्चं हाड बनवताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, तर उपचारही हाडाच्या कॅन्सरचेच ठरतात. मात्र नुसत्या कडकपणावरून निदान होत नाही, कारण त्वचेतल्या काही निरुपद्रवी गाठींतही कॅल्शियम साठतं. म्हणूनच गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो, म्हणजे बायोप्सी करावी लागते. 'सुई लागली की कॅन्सर भडकतो' ही भीती इथेच आडवी येते. सुईच्या वाटेत पेशी राहण्याचा धोका हाडाच्या गाठीत अगदी थोडा असतो, आणि तो ओळखूनच अनुभवी सर्जन बायोप्सीची जागा अशी निवडतात की पुढच्या शस्त्रक्रियेत ती वाटही काढता यावी. तपासणी टाळल्याने मात्र उपचारच अडतात.

शेवटचा आक्षेप असा की त्वचेपर्यंत पोचलेल्या आजारात तपासून काय मिळणार? आजार गंभीर आहे, हे लपवू नये. पण तो कुठे कुठे आहे हे कळल्याशिवाय केमोथेरपी द्यावी, गाठ काढावी की वेदना आणि जखम यांवर भर द्यावा, हे ठरत नाही. स्पर्शाने हा आजार लागत नाही, म्हणून रुग्णाला दूर ठेवण्याचंही कारण नाही. हाडाच्या कॅन्सरवर उपचार घेतलेल्या माणसाला नवी, वाढणारी गाठ दिसली, तर घाबरूनही जाऊ नये आणि थांबूही नये. आपल्या डॉक्टरांना ती लगेच दाखवावी.