दोन चाव्या

बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे एकत्र उभे राहिल्याखेरीज तिजोरी उघडत नाही. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला लेखापरीक्षण शिकवताना मी या तिजोरीपासूनच आरंभ करतो. ‘अंतर्गत नियंत्रण’ ही संज्ञा विद्यार्थी एका रात्रीत पाठ करतात, पण ती कळण्यासाठी उदाहरण लागते. पूर्वी मी पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेचे उदाहरण देत असे. हमीपत्रांचे संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीशी जोडलेलीच नव्हती. हमी परदेशी जात राहिली आणि वहीत काहीच उमटले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते प्रकरण जगासमोर आले. आता उदाहरणासाठी मुंबईला जावे लागत नाही, हे सांगताना खेद होतो.

अतिवृष्टीने पीक गेलेल्या शेतकऱ्यांसाठी २०२२ नंतर आलेल्या शासकीय अनुदानात आपल्या जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत सुमारे २५ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचा ठपका चौकशीत ठेवला गेला. महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, २०२५ मध्ये पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. आमच्या वर्गाला त्यातील एकच आरोप पुरेसा आहे: वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड कनिष्ठांनी वापरले आणि बनावट लाभार्थ्यांची नावे मंजूर झाली.

फळ्यावर मी पैशाची वाट काढतो. शेतात पंचनामा, मग यादी, संगणकात नोंद, तहसीलदारांची मंजुरी, शेवटी शेतकऱ्याचे बँक खाते. प्रत्येक टप्प्यावर विचारतो: हे काम कोण करतो, ते कोण तपासतो, आणि ही दोन्ही कामे एकाच माणसाला करता येतील का? पहिले उत्तर ठरलेले असते, ‘सर, पासवर्ड आहे, म्हणजे सुरक्षित आहे.’ पण साहेबांना सवड नसते म्हणून पासवर्ड टेबलावरच्या कागदावर लिहिलेला असतो, हे मुलांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. म्हणजे कुलपे दोन, पण दोन्ही चाव्या एकाच खिशात.

त्यानंतर मी त्यांच्या हाती एक काल्पनिक यादी देतो आणि जोखीम शोधायला सांगतो. एकच खाते क्रमांक चार नावांपुढे आहे का? सातबारावर जितकी जमीन आहे, त्याहून अधिक क्षेत्राचे नुकसान दाखवले आहे का? गावात ज्याचे शेतच नाही, त्याचे नाव कसे आले? गायरानावर पीक कोणी घेतले? तासाभरात मुले इतकी रमतात की घंटा ऐकू येत नाही. बेरीज बरोबर असलेली यादीही खोटी असू शकते, हा धक्का त्यांना याच तासाला बसतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी तुरुंगातील अपहारकर्त्यांशी बोलून १९५३ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाला सांगता न येणारी आर्थिक अडचण, हाती आलेली संधी आणि ‘मी काही चोर नाही’ अशी मनाची समजूत, या तीन गोष्टी जुळल्या की विश्वासू माणूसही घसरतो. यातील अडचण आणि समजूत लेखापरीक्षकाच्या हाती नाहीत. संधी मात्र कमी करता येते. आपल्या घरांतील मुलांना हा विषय परका वाटू नये. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार, म्हणजे खोटे दस्त करणे आणि दुसऱ्याची ठेव बळकावणे, यांची गणना स्वतंत्रपणे केलेली आहे.

अडते ते मात्र आपल्याच पेढीवर. ‘घरचा माणूस आहे, त्याला काय तपासायचे?’ हे वाक्य मी अनेक संस्थांत ऐकले आहे. यात्रेला निघताना कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवणारे विश्वस्तही पाहिले आहेत. त्यांच्या सचोटीविषयी मला शंका नाही. शंका त्या कोऱ्या धनादेशांविषयी आहे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी मोंढ्यातील स्वतःच्या घरचे अडत दुकान निवडले. रोख घेणारे, रोजमेळ लिहिणारे आणि बँकेत भरणा करणारे मुनीमजी एकच, तेही त्याच्या आजोबांच्या काळापासूनचे. अहवालात हे लिहावे की नाही, याचा निर्णय त्याला आठ दिवस होईना. अखेर त्याने तो मसुदा प्रथम मुनीमजींनाच वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘लिहा, दादा. कधी हिशेबात तूट निघाली तर सगळे माझ्याकडेच पाहतील. दुसरे कोणी शेजारी बसून मोजले, तर मलाही रात्री झोप लागेल.’

आता तेथे संध्याकाळी रोख शिल्लक दोघे मोजतात आणि रोजमेळाखाली दोघांच्या सह्या होतात. बँकेचा भरणा मात्र अजून मुनीमजीच करतात. त्या प्रश्नावर वडील आणि मुलगा यांचे एकमत झालेले नाही.