स्टेज ४ ब्रेस्ट कॅन्सर : डॉक्टर गाठ लगेच का काढत नाहीत?

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण गेवराईच्या मावशीचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर माझ्याकडेच येतात, आणि घरात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो : ऑपरेशन कधी? बीडकडची माणसं बार्शीला, छत्रपती संभाजीनगरला नाहीतर थेट मुंबईला टाटात जातात. तिथं गाठ न काढता औषधं सुरू केली, की ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असं गावात बोललं जातं. मग शेत विकून दुसरीकडे ऑपरेशन करायची भाषा सुरू होते.

याच प्रश्नावर टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने चाचणी केली. २००५ ते २०१३ दरम्यान ३५० महिला घेतल्या. निदान झालं तेव्हाच त्यांचा कॅन्सर शरीरात पसरलेला होता आणि सुरुवातीच्या औषधांनी तो आटोक्यात येत होता. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटात छातीवर ऑपरेशन आणि गरजेप्रमाणे रेडिएशन, दुसऱ्यात ते नाही. जगण्याचा मध्यक काळ अनुक्रमे १९.२ आणि २०.५ महिने निघाला. म्हणजे ऑपरेशनने आयुष्य वाढलं नाही. फाईल दहा ठिकाणी सिंक झाल्यावर एका लॅपटॉपवरून डिलीट करण्यासारखं आहे हे. हाडात, यकृतात पोचलेल्या पेशींपर्यंत रक्तातून जाणारं औषधच पोचतं. (जखम वाहत असेल तर ऑपरेशन करतात. आणि स्टेज ३ चं गणित वेगळं : तिथं बहुतेक वेळा आधी केमो, मग ऑपरेशन.)

कोणतं औषध, हे बायोप्सीच्या आयएचसी रिपोर्टवर ठरतं. अगदी इफ-एल्स. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह? मग बहुधा लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्या, जोडीला पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब. केमो न देता गोळ्या दिल्या म्हणजे उपचार हलका, असं मुळीच नाही. हर-टू ३+ असेल तर ट्रॅस्टुझुमॅब. बायोकॉनने त्याचं भारतीय रूप २०१४ मध्ये बाजारात आणलं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर मुख्यतः केमो.

हर-टू २+ आलं तर उत्तर अजून अर्धवट आहे. फिश तपासणी लागते, ती झाली का ते विचाराच. आणि शेताचा सौदा करण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते बघा.