परदेशांतील विद्यार्थी आणि सुटींतील मजुरी



उन्हाळ्याची सुटी लागली कीं आपला कॉलेजांतला मुलगा वळकटी बांधून घरीं येतो, आणि वर्षभर शिणलेल्या लेकराला चार दिवस विसांवा मिळावा असें आईला वाटतें. अमेरिकेंतील विद्यापीठांत हीच सुटी सुमारें तीन महिन्यांची असते, आणि तेथील पुष्कळ विद्यार्थी ती काम करण्यांत घालवितात. पुढील वर्षाची फी, खोलीचें भाडें, पुस्तकें यांची बेगमी याच दिवसांत करावयाची असते. या रिवाजानें माणूस कसा घडतो, हें मी आज जयप्रकाश नारायण यांच्या विद्यार्थिदशेवरून सांगणार आहें.

१९२१ सालीं परीक्षा तोंडावर आली असतां असहकाराच्या हांकेस ओ देऊन त्यांनीं पाटण्याचें कॉलेज सोडलें. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेंत पाऊल टाकावयाचें नाहीं, हा निश्चय. त्यामुळें काशीचें हिंदु विश्वविद्यालयही वर्ज्य झालें. विलायतेचें शिक्षण म्हणजे श्रीमंत बापाच्या मुलाचें काम. अमेरिकेंत मात्र स्वतः कमावून शिकतां येतें, असें त्यांनीं ऐकलें होतें. १९२२ च्या ऑगस्टमध्यें कलकत्त्याहून निघून, जपानमार्गें, ते ८ ऑक्टोबर रोजीं सॅन फ्रान्सिस्कोस उतरले. वय वीस वर्षें. दोन वर्षांपूर्वीं लग्न झालेलें. पत्नी प्रभावती साबरमतीच्या आश्रमांत राहिल्या.

बर्कले येथील विद्यापीठाचें सत्र जानेवारींत सुरू व्हावयाचें होतें. तोंवर पोटाची सोय काय? जयप्रकाश कॅलिफोर्नियांतील द्राक्षांच्या मळ्यांत मजुरीस गेले. आपल्या तासगांवकडील श्रोत्यांना बेदाण्याचें काम ठाऊक आहेच. कॅलिफोर्नियांत त्या काळीं तें उघड्या उन्हांत चाले. घड तोडून वेलींच्या ओळींमध्यें मांडलेल्या ताटांवर पसरावयाचे, कांहीं दिवसांनीं उलटावयाचे, सडकें फळ वेचून टाकावयाचें. चार शेर द्राक्षांचा जेमतेम एक शेर बेदाणा उतरतो. मध्येंच पाऊस आला कीं सारें मातीमोल. म्हणून हाताला उसंत नसते. रसायनशास्त्र शिकण्यास निघालेल्या तरुणाचा पहिला धडा हा असा, वांकल्या पाठीनें झाला.

सोबतीला पंजाबी व पठाण मजूर होते. त्या प्रांतांत पुष्कळ पंजाब्यांनीं घाम गाळून शेती उभी केली होती. परंतु १९२३ च्या फेब्रुवारींत तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत हिंदुस्थानी माणसास नागरिकत्वाचा हक्क नाहीं असा निकाल दिला, आणि परकीयांस जमीन धारण करूं न देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा त्यांनाही लागू पडला. ज्या देशांत मजुरीस लाज नाहीं, त्याच देशांत मजुराच्या कातडीचा रंग पाहिला जातो, ही विसंगती त्या काळच्या भारतीय विद्यार्थ्यास पुस्तकांतून शोधावी लागत नसे.

आपल्याकडेही गरीब मुलें शिकलीं. वार लावून, माधुकरी मागून शिकलीं, आणि त्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. परंतु माधुकरी मागणारा कितीही बुद्धिमान असला तरी दारांत उभा राहतांना त्याची मान खालीं जाते. शिवाय त्या झोळींत कोणत्या जातीच्या मुलास अन्न पडे, हाही प्रश्न आहेच. मजुरीच्या पैशांत उपकार नसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्थेंत कामाची व शिक्षणाची सांगड घातली, तिचें मोल मला यासाठींच अधिक वाटतें.

हा मार्ग सुखाचा होता असें मात्र कोणी समजूं नये. बर्कलेची फी वाढली तेव्हां जयप्रकाशांना आयोवा येथें जावें लागलें. पुढें विस्कॉन्सिन, मग ओहायो. कारखान्यांत काम करावें, उपाहारगृहांत भांडीं विसळावीं, ताटें वाढावीं, आणि मग वर्गांत बसावें. मध्यंतरीं दुखण्यानें कित्येक महिने अंथरुणास खिळविलें आणि कर्जही झालें. सात वर्षें लागलीं तीं कांहीं आळसामुळें नव्हेत.

विस्कॉन्सिन येथें असतां मार्क्सचे ग्रंथ त्यांच्या हातीं आले. ग्रंथ तर अनेकांच्या हातीं येतात. परंतु श्रमाचें मोल व मालकाचा नफा हीं प्रकरणें वाचतांना ज्याच्या तळहाताला स्वतःचे घट्टे आहेत, त्याचें वाचन निराळें होत असलें पाहिजे, असा माझा तर्क आहे. विज्ञान मागें पडलें आणि समाजशास्त्र आलें. १९२९ सालीं ओहायो विद्यापीठाची एम्. ए. पदवी घेऊन, डॉक्टरेटचा बेत सोडून, आईच्या आजारामुळें ते स्वदेशीं परतले.

परतल्यावर पंडित जवाहरलाल नेहरूंनीं काँग्रेसच्या कामगारविषयक संशोधनाचें खातें त्यांच्याकडे सोंपविलें. १९३२ सालीं अटक होऊन ते नाशिकच्या तुरुंगांत आले. अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे आदि मंडळी तेथें होती, आणि १९३४ सालीं स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची बोलणीं त्याच भिंतींआड सुरू झालीं.